पिनकाका

पिनकाकांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, पिन असते. लग्नाच्या हॉलमध्ये आहेराच्या पाकिटावर नाव लिहायला कुणी पेन मागितलं, तर ते खिशात दोन बोटं घालून पिन काढतात, उजेडाकडे धरून तिच्यावरच्या काळ्या रेघा मोजतात आणि सांगतात, "ही मोबाइलची. तीन रेघा. रेकॉर्डरला चालणार नाही." मागणारा तोवर पुढच्या खुर्चीकडे वळलेला असतो. काकांना त्याचं काही वाटत नाही. पिन कुठली ते एकदा सांगून झालं की त्यांच्या बाजूनं विषय संपलेला असतो.

त्यांचं खरं नाव डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या फलकावर आहे, पण ते कुरिअरवाल्याखेरीज कुणी वाचत नाही. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली माणसं कट्ट्यावर बसतात, नर्मदा परिक्रमा करून येतात, नाहीतर सेक्रेटरी होऊन पार्किंगच्या रेघा आखतात. काका माईक जोडतात. इथे गैरसमज होऊ नये म्हणून स्पष्ट सांगतो. ते गात नाहीत, भाषण करत नाहीत, आणि रेकॉर्डिंग करतात असं म्हणणंही फारसं खरं नाही. रेकॉर्डिंग झालं तर झालं. ते जोडतात.

जावयानं सिंगापूरहून येताना त्यांना हातात मावणारा एक रेकॉर्डर आणला. वर दोन छोटे माईक, एकमेकांकडे तिरपं तोंड करून बसवलेले, खाली लाल बटण. देताना जावई म्हणाला, "बाबा, यात सगळं आहे. बटण दाबायचं आणि समोर ठेवून द्यायचं." दुसऱ्या कुणाला यात वावगं वाटलं नसतं. काकांना वाटलं. सगळं आहे, तर मग आपण काय करायचं? काही दिवस तो रेकॉर्डर टीव्हीशेजारी तसाच पडून होता. काकूंनी धूळ पुसताना तो उलटा केला आणि काकांना त्याच्या कडेला एक भोक दिसलं. शेजारी मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'माईक इन'. संध्याकाळी जिन्यात भेटले तेव्हा चेहरा असा होता की मला वाटलं, पेन्शनचा फरक जमा झाला.

या भोकाची एक खोड आहे. त्यात पिन गेली की रेकॉर्डरचे स्वतःचे दोन्ही माईक आपोआप बंद पडतात. म्हणजे काकांच्या प्रत्येक जोडणीची सुरुवात दोन चांगले, चालते माईक बंद पाडण्यापासून होते. हे मी त्यांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "अरे, ते पोटातले. बाहेरचा तो बाहेरचा."

आता खरं सांगायचं तर काकांच्या या वेडात तथ्य आहे. माणूस माईकपासून दुप्पट लांब गेला की मोकळ्या जागेत आवाजाचा दाब निम्म्यावर येतो. खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो, पंखा तेवढाच, शेजारच्यांचा कुकर तेवढाच. टेबलावर ठेवलेला रेकॉर्डर गाणाऱ्यापेक्षा टेबलच जास्त ऐकतो. कुणी कपबशी ठेवली की त्याच्या दृष्टीनं ती घटना मोठी. वेगळा माईक तोंडाशी नेला तर हे सगळं मागे पडतं. काकांचं म्हणणं शास्त्राला धरून असतं. अडचण एवढीच की माईक तोंडाशी नेईपर्यंत ते तोंड घरी जेवायला गेलेलं असतं.

याचं कारण डबे. काकूंच्या फडताळातले अर्ध्या किलोचे श्रीखंडाचे डबे एकेक करून काकांच्या ताब्यात गेले आहेत. प्रत्येकावर चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेननं गिरवलेली अक्षरं: 'ईपी मोनो', 'ईपी स्टिरिओ', 'पी-३८', 'आरसीए', 'कॅनन', आणि शेवटचा डबा 'माहीत नाही'. हा शेवटचा सगळ्यांत जास्त भरलेला आहे. "श्रीखंड संपलं की डबा धुवायच्या आत त्यात पिना पडतात," असं काकू सांगतात, आणि ईपी स्टिरिओच्या डब्याला अजून वेलदोड्याचा वास येतो, हे मी स्वतः हुंगून पाहिलेलं आहे.

माईकच्या वायरीला असते तीन पायांची जाडजूड कॅनन. रेकॉर्डरला लागते काडीएवढी ईपी. मधला प्रवास काका कन्व्हर्टरनं करतात. कॅननला पी-३८, म्हणजे ईपीचा जाडा थोरला भाऊ, लावायचा, पी-३८ला ईपी लावायची, ती वाकडी पडते म्हणून काटकोनातली आणखी एक, आणि ती सैल म्हणून तिला दोऱ्याचे दोन वेढे. असं सगळं लावल्यावर रेकॉर्डर एवढासा आणि त्याचं शेपूट वीतभर होतं. शेपटीच्या वजनानं तो मागच्या मागे कलंडतो. म्हणून त्याला खलबत्त्यातल्या बत्त्याचा टेकू. आमच्या इमारतीत ज्या घरी कार्यक्रम असतो तिथे दूध, फुलं, सतरंजी यांच्याबरोबर बत्ता काढून ठेवण्याची आता पद्धत पडली आहे.

काकांचा सुवर्णकाळ कॅसेटचा. फिलिप्सनं १९६३ साली कॅसेट आणली, आपल्या घरांत ती पोचायला पुढे बरीच वर्षं गेली. पण पोचली तेव्हा काका तयार होते. त्यांच्याकडे तो टेबलावर आडवा ठेवायचा काळा रेकॉर्डर अजून आहे. त्याला शेजारी शेजारी दोन भोकं: साडेतीन एमएमचं माईकला, अडीचचं 'रिमोट'ला. बरोबरच्या माईकला जोडपिन असायची आणि माईकच्या दांड्यावर एक खटका. खटका मागे ओढला की अडीचच्या पिनेतून हुकूम जायचा आणि टेपची मोटर जागच्या जागी थांबायची. व्याख्यानमालेत काका पहिल्या रांगेत बसत, अंगठा खटक्यावर. वक्ता मूळ विषय सोडून स्वतःच्या युरोप दौऱ्याकडे वळला की खटका मागे. पुन्हा विषयावर आला की पुढे. त्यामुळे काकांच्या संग्रहातली सगळी व्याख्यानं कमालीची मुद्देसूद आहेत. एका नामवंत वक्त्याचं तासाभराचं भाषण त्यांच्या कॅसेटवर अकरा मिनिटांत संपतं, आणि मी ते ऐकलंय. काही राहिलंय असं वाटत नाही.

जोडणी झाली की चाचणी. इतर लोक माईकवर 'हॅलो, एक दोन तीन' म्हणतात. काकांना ते चालत नाही. एक-दोन-तीनमध्ये ओठ मिटतच नाहीत, मग हवेचा फटका माईकवर बसतो की नाही ते कळणार कसं? म्हणून त्यांनी स्वतःची शब्दावली तयार केली आहे: पोपट, फणस, भोपळा, बिब्बा. प, फ, भ, ब. सत्यनारायण असो की साठीशांत, यजमानाला चारचौघांत आधी माईकसमोर उभं राहून "पोपट, फणस, भोपळा, बिब्बा" म्हणावं लागतं. काका कानाला मोठे हेडफोन लावून डोळे मिटून ऐकतात. मग हात वर करतात. "भोपळा पुन्हा." काटा उणे बाराच्या आसपास राहिला पाहिजे, हा त्यांचा दंडक. शून्याला टेकला की आवाज फाटला, आणि एकदा फाटला की तो शिवता येत नाही. हेही बरोबरच आहे. माणसं मात्र चाचणीत पुटपुटतात आणि प्रत्यक्ष कार्यक्रमात ओरडतात. काकांचा सगळा हिशेब पुटपुटण्यावर बांधलेला असतो.

त्यांच्या कार्डावर आजवर काय काय साठलंय ते माझ्या मुलीनं एकदा उघडून पाहिलं. फाइलींमागून फाइली भोपळ्याच्या. निरनिराळ्या घरांतले, निरनिराळ्या आवाजांतले. कार्यक्रम मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आणि जवळजवळ प्रत्येक फाइलीच्या शेवटी, दूरवरून, काकूंचा एकच प्रश्न: "अहो, आता पंखा लावू का?"

काकांना गप्प बसवणं कठीण, पण त्यांना बोलतं करायचं असेल तर फक्त 'फँटम' म्हणावं. स्टुडिओतल्या कंडेन्सर माईकला चालायला वीज लागते आणि ती माईकच्या त्याच वायरीतून, गुपचूप, उलट्या दिशेनं पाठवतात. ती ४८ व्होल्टची. ४८च का? १९६६ साली जर्मनीच्या नॉयमन कंपनीला नॉर्वेच्या सरकारी रेडिओसाठी माईक करायचे होते. तिथला हिवाळा अंधाराचा, म्हणून रेडिओ केंद्रात आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीपासून होती. तीच माईकला दिली, आणि तिकडच्या दिव्यांचा आकडा जगभरच्या माईकचा झाला. ही कथा काका स्वतःच्या घराण्याचा इतिहास सांगावा तशी सांगतात, आणि त्याला कारण आहे. टेलिफोन एक्स्चेंजही ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालतं. काकांची सगळी नोकरी त्या ४८ व्होल्टच्या सावलीत गेली. घरातली वीज गेली तरी टेलिफोन वाजायचा तो त्याच जोरावर. "लाइट जाईल, सरकार जाईल," काका म्हणतात, "अठ्ठेचाळीस जात नाही."

आणि नशीब बघा, जावयानं दिलेल्या रेकॉर्डरच्या भोकातून बाहेर येतात अवघे दोन-अडीच व्होल्ट. काकांना हा अपमान वाटला होता. कॉलरला लावायच्या छोट्या माईकला तेवढे पुरतात, कारण त्याच्या आत इलेक्ट्रेट असतं, म्हणजे कायमचा विद्युतभार धरून बसलेला पातळ पडदा. त्याला फक्त पाठीवर थाप मारण्यापुरती वीज हवी. त्यांचं मन वळलं ते वेगळ्याच कारणानं. हा इलेक्ट्रेट माईक १९६२ साली गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये बनवला, असं माझ्या मुलीनं त्यांना वाचून दाखवलं. काका ताठ बसले. "बेल? म्हणजे टेलिफोनवाले?" हो म्हटल्यावर त्यांनी अडीच व्होल्टना माफ केलं.

गेल्या दत्तजयंतीला तळमजल्यावर भजन होतं. काकांनी रेकॉर्डर मंडळाच्या अॅम्प्लिफायरला जोडला, सेल उतरू नयेत म्हणून रेकॉर्डरला एलिमिनेटर लावला, आणि दोन्ही वायरी भिंतीतल्या बोर्डात खोचल्या. हेडफोन आधी पेटीवाल्या अण्णांना दिला. अण्णांनी मान डोलावली. "तानपुरा झकास लागलाय. पांढरी पाच. फक्त किंचित चढा आहे, बघा."

खोलीत तानपुरा नव्हता.

तो घरातल्या विजेचा आवाज होता. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते, आणि खर्जातला पांढरी पाचचा सूर असतो ४९ आवर्तनांचा. त्याची दुप्पट, चौपट काढत गेलं तरी सूर तोच. अण्णांचे कान तयार होते एवढाच याचा अर्थ. रेकॉर्डरला अर्थकडे जायच्या दोन वाटा मिळाल्या होत्या, एक एलिमिनेटरमधून, एक अॅम्प्लिफायरमधून, आणि वीज त्या दोन वाटांवर फेऱ्या मारत बसली होती. काकांनी वायर बदलली, पिन बदलली, बत्ता बदलला. अखेर त्यांनी एलिमिनेटर उपटून दोन पेन्सिल सेल घातले आणि तानपुरा थांबला. काकांनी विजयानं मान वर केली तेव्हा माणसं द्रोणातला सुंठवडा घेऊन जिना चढत होती. काका कुणाचाच दोष धरत नाहीत. "घुंईं गेली की नाही?" एवढंच त्यांनी विचारलं.

पण काकांचं नाव इमारतीबाहेर गेलं ते आजींमुळे.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजी नव्वदीच्या आहेत. माहेर-सासर दोन्ही कोकणातलं. जात्यावरच्या ओव्या त्यांना किती येतात ते त्यांनाही माहीत नाही, कारण त्या आठवत नाहीत, येतात. सुनेनं काकांना विचारलं, जरा टिपून द्याल का. काकांनी गणेशोत्सव मंडळाचा जाळीच्या डोक्याचा माईक मागून आणला. या जातीचा मूळपुरुष म्हणजे शुअर कंपनीचा एसएम ५८, तोही १९६६चाच. ते माईकचं वर्षच असावं. याला वीज लागत नाही, पडला तरी काही होत नाही, मंडळाच्या मुलांच्या हातात टिकतो यावरून काय ते समजावं. कन्व्हर्टरची माळ नको म्हणून काका खास लॅमिंग्टन रोडला गेले. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथल्या एका गाळ्यात तयार वायर मिळाली: एका टोकाला कॅनन, दुसऱ्याला स्टिरिओ ईपी. मीटर लावून तिन्ही तारा गाळ्यातच बीप-बीप करून पाहिल्या. दुकानदार "अंकल, सब बराबर है" म्हणाला. ते खरं होतं. सगळं बरोबर होतं, हीच पुढची गंमत.

मे महिना. पंखा बंद, खिडक्या बंद, गॅसवरचा कुकर उतरवलेला. आजी म्हणाल्या, "हात फिरल्याबगर ओवी कशी येईल?" जातं कुठलं आणणार? काकूंनी पाट उपडा घातला आणि पितळेची वाटी दिली. आजींनी ती पाटावर गोल फिरवायला घेतली. घर्र, घर्र. काकांचा जीव खालीवर झाला, पण आजींना भोपळा म्हणायला सांगण्याचं धैर्य त्यांच्यापाशी नव्हतं. त्यांनी बटण दाबलं. आजी म्हणत गेल्या. वाटी उजवीकडे येताना ओळ सुरू व्हायची, पलीकडे जाताना संपायची, आणि दोन ओव्यांमध्ये एक पूर्ण फेरी नुसतीच जायची. तेवढ्या फेरीत पुढची ओवी जमत असावी. सुनेनं तोंडाला पदर लावला होता.

झाल्यावर हेडफोन फिरला. ज्यानं त्यानं लावला आणि मागे वळून पाहिलं. मीही पाहिलं. आवाज समोरून येतच नव्हता. आजी आपल्या डोक्याच्या मागे बसून म्हणतायत असं वाटत होतं. काकांच्या डोळ्यांत पाणी. "याला म्हणतात स्टिरिओ!" एका माईकातून स्टिरिओ कसा निघेल हे विचारायची ती वेळ नव्हती.

सुनेनं फाइल घरच्या ग्रुपवर टाकली. मिनिटाच्या आत नागपूरहून 'अप्रतिम' आलं. मग 'डोळे पाणावले', 'हा ठेवा जपला पाहिजे', 'आपली खरी संस्कृती', आणि हात जोडलेल्या चित्रांची रांग. फाइल पाऊण तासाची होती. दुपारनंतर नाशिकच्या भाच्यानं बिचकत लिहिलं, 'मला काही ऐकू येत नाहीये.' त्याला फोन बंद करून चालू करायला सांगण्यात आलं. मग बेळगावच्या आत्यांनाही ऐकू येईना. 'अप्रतिम' म्हणणारे गप्प झाले. रात्रीपर्यंत चित्र स्पष्ट झालं. कानात इयरफोन घातले की आजी आहेत. काढले की नाहीत. ज्यांच्या महागड्या फोनला दोन स्पीकर आहेत त्यांना आजी पातळ, हरवल्यासारख्या येतात. ज्यांच्या साध्या फोनला एकच स्पीकर आहे त्यांना आजी नाहीतच. ओव्याच काय, पाटावरची वाटीसुद्धा नाही. नुसती पाऊण तासाची शांतता. एका धाकट्या जावेनं यातून अर्थ काढला: 'आत उतरून ऐकलं तरच ऐकू येतं, यातच सगळं आलं.' त्यालाही हात जोडलेली चित्रं आली.

काका रात्रभर झोपले नाहीत. पहाटे त्यांनी विजेच्या बिलाच्या पाठीवर आकृती काढून मला दार वाजवून उठवलं. कॅननला तीन पाय. पहिला अर्थ. दुसऱ्यावर माईकचा आवाज सुलटा जातो, तिसऱ्यावर तोच आवाज उलटा. हा मुद्दाम केलेला बंदोबस्त आहे. लांब वायरीत वाटेत जी घाण शिरते ती दोन्ही तारांत सारखीच शिरते. पलीकडचं यंत्र एकातून दुसरं वजा करतं, घाण वजा होऊन जाते आणि आवाज दुप्पट उरतो. पण हे वजाबाकी करणाऱ्या यंत्राचं झालं. काकांच्या रेकॉर्डरला यातलं काही ठाऊक नाही. त्याला स्टिरिओ ईपी दिसली, त्यानं सुलट्याला डावा कान मानलं आणि उलट्याला उजवा. इयरफोनवर दोन कान वेगळे, म्हणून आजी ऐकू येतात, फक्त मेंदू गोंधळून त्यांना पाठीमागे बसवतो. एकाच स्पीकरचा फोन मात्र डावं-उजवं एकत्र करून टाकतो. अधिक एक, उणे एक. बिलाच्या पाठीवर काकांनी पूज्य काढून त्याला दोनदा गोल केला होता. "वायर चुकीची नव्हती," ते म्हणाले, "वायर फार बरोबर होती."

माझ्या मुलीनं ती फाइल कम्प्युटरवर ऑडेसिटीत उघडली, एक बाजू उलटी केली, आणि आजी पाठीमागून उठून समोर येऊन बसल्या. कॉलेजला निघता निघता, डबा भरायच्या आधी. काकांनी ऐकलं आणि मान हलवली. "हे तुझ्या कम्प्युटरनं केलं गं. जोडणीत कुठे झालं?"

त्यांनी वायर कापली. सोल्डरिंगची कांडी गरम करून दुसरा पाय ईपीच्या टोकाला आणि मधल्या कडीला, दोन्हीकडे लावला. तिसरा आणि पहिला मिळून बुडाच्या कडीला. आता डाव्या आणि उजव्या कानाला सारखंच. आणि ते पुन्हा दुसऱ्या मजल्यावर गेले.

आजी म्हणाल्या, "त्या डबीत एकदा म्हटलंय ना मी? मग तिलाच विचार."

पुष्कळ मनधरणी झाली. अखेर पंखा चालू राहील या अटीवर आजी पाटाशी बसल्या. वाटी फिरली, आणि त्यांनी म्हटल्या त्या सगळ्या वेगळ्याच ओव्या. पहिल्या दिवशीची एकही नाही. विचारलं तर म्हणाल्या, त्या त्या दिवशीच्या होत्या. म्हणजे वायर पहिल्याच दिवशी नीट लागली असती तर या दुसऱ्या ओव्या कुणाच्या हाती लागल्या नसत्या. आमच्या डोंबिवलीत लोकसाहित्याचं एवढं मोठं काम एका चुकलेल्या पिनेनं केलं, असं मी काकांना म्हणालो. त्यांना त्याचं फारसं काही वाटलं नाही, कारण त्यांनी दोन्ही दिवसांची फक्त पहिली ओळ ऐकली आहे. एकदा इयरफोनवर, एकदा काकूंच्या साध्या फोनवर. दोन्हीकडे आजी आहेत याची खात्री झाली आणि त्यांनी वायर गुंडाळून 'कॅनन'च्या डब्यात ठेवली.

यंदा दिवाळीला जावई पुन्हा आला. सासऱ्यांची आवड ओळखून यावेळी मोठा रेकॉर्डर आणला होता. बुडाशी दोन कॅननची तोंडं, मध्ये कुठलाही कन्व्हर्टर नको. ४८ व्होल्ट आतच. आणि आवाजाची पातळी लावायची चकतीच नाही. जावयानं समजावून सांगितलं: आत दोन यंत्रं आहेत, एक हळू आवाजासाठी, एक मोठ्यासाठी, दोन्ही मिळून ३२ बिट फ्लोटमध्ये लिहून ठेवतात. कुणी पुटपुटो, कुणी ओरडो, रेकॉर्डरच्या बाजूनं आवाज फाटत नाही. नंतर वर-खाली करता येतो. "बाबा, आता ते पोपट-फणससुद्धा नको."

काका ऐकत होते. मंडळाचा माईक आणून त्यांनी वायर लावली. खट्ट करून बसली. हलवून पाहिली, हलली नाही. बत्ता हातात घेतला आणि खाली ठेवला. रेकॉर्डर आपला आपण उभा होता. घरात इतकं अवघड वाटायला लागलं की काकूंनी चकल्यांचं ताट मध्ये आणलं. जावई चांगल्या मनाचा, त्याला काय चुकलं ते कळेना. काकांनी चकली मोडली, रेकॉर्डर उचलला, उलटा केला, कडेकडेनं बोट फिरवत नेलं आणि थांबले.

"हेडफोनचं तोंड ईपीचं आहे."

"हो बाबा, सगळ्यांना तेच असतं."

"माझ्या हेडफोनला पी-३८ आहे," काका म्हणाले. आवाजात एकदम जीव आला होता. "कन्व्हर्टर लागणार."

"अहो, डब्यात आहे की एक," काकू म्हणाल्या. "परवाच पाहिला मी."

"तो मोनो आहे," काका म्हणाले, आणि ग्रँट रोडची दुकानं पाडव्याला किती वाजता उघडतात ते विचारायला माझ्याकडे वळले.